बोलकी रेषा

आपल्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा चेहरा डोळे मिटून आठवून पाहा. आजोबांच्या कपाळावर आठ्या किती आहेत? त्या सलग आहेत की मध्येच तुटलेल्या? आईच्या दोन्ही भुवया एकाच उंचीवर आहेत काय? आपल्यापैकी बहुतेकांना या प्रश्नांची उत्तरे देता येणार नाहीत. ज्या माणसाला आपण शंभर पावलांवरून केवळ चालीवरून ओळखतो, त्याचा चेहरा आपण कधी नीट पाहिलेला नसतो. ओळखणे निराळे आणि पाहणे निराळे. हा भेद मला एका शिसपेन्सिलीच्या चित्राने शिकविला.

ते चित्र वसईला आमच्या घराच्या ओटीवर आजही टांगलेले आहे. समुद्रापासून फारशा दूर नसलेल्या एका वाडीत आमचे घर आहे. वसई-विरार ही आता महानगरपालिका झाली आहे आणि आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे उंच इमारती उभ्या आहेत. परंतु माझ्या लहानपणी तेथे नजर पोहोचेल तेथवर केळी, नारळ आणि फुलझाडे होती. ओटीवर येणारा पाहुणा त्या चित्राकडे पाहतो आणि पुष्कळदा विचारतो, “हे अपुरे राहिले आहे काय?” कारण कागदाचा अर्ध्याहून अधिक भाग कोराच आहे. चित्र आहे माझ्या आजीचे. तिला ओळखणारी माणसे मात्र असा प्रश्न कधी विचारीत नाहीत. ती चित्रापुढे क्षणभर थांबतात आणि मग हळू आवाजात बोलू लागतात, जणू आजी आतल्या खोलीत आहे!

या चित्राची हकीकत अशी. मी त्या वेळी सातवीत होतो. माझी चित्रकला वर्गात चांगली समजली जाई. फळे, भांडी, फुलदाणी अशा वस्तू मी हुबेहूब काढीत असे आणि त्याचा मला थोडा गर्वही होता. एकदा आमच्या चित्रकलेच्या गुरुजींनी सांगितले, “पुढल्या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या घरातील वडील माणसाचे चित्र काढून आणावे.” मी आजीची निवड केली.

आजीचा दिवस पहाटे तीन वाजता सुरू होई. मोगरा आणि कागडा यांच्या कळ्या खुडायच्या, त्या ओल्या फडक्यात गुंडाळायच्या, पाटी डोक्यावर घ्यायची आणि विरारहून येणाऱ्या पहाटेच्या गाडीने दादरचा फुलबाजार गाठायचा, हा तिचा चाळीस वर्षांचा नेम होता. दुपारी घरी आली की ती ओटीवर बसून केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात वेण्या गुंफीत असे. मी तिला समोर बसविले. “हलू नकोस,” असे दहा वेळा बजाविले. बिचारी फोटो काढायला बसल्यासारखी ताठ बसून राहिली.

दोन संध्याकाळी खपून मी चित्र पुरे केले. चेहऱ्याची कड एकसारख्या जाडीच्या काळ्या रेषेने काढली. पापणीचा एकेक केस मोजून काढला. गालांवर पेन्सिल घासून बोटाने ती इतकी चोळली की गाल आरशासारखे गुळगुळीत झाले. आणि एक गोष्ट मी मुद्दाम केली. आजीच्या कपाळावरील सुरकुत्या मी प्रथम काढल्या होत्या. पण त्या पाहून मला वाटले की चित्र कुरूप दिसते आहे. तेव्हा मी खोडरबर घेतला आणि त्या साऱ्या पुसून टाकल्या. आजी माझ्या चित्रात सुंदर दिसावी, अशी माझी इच्छा होती.

मी चित्र तिच्या हाती दिले. तिने ते उजेडात धरले, कौतुकाने पाहिले आणि म्हणाली, “छान काढलंस रे. पण ही बाई कोण?”

तिने ते थट्टेने विचारले नव्हते, हेच मला फार लागले. दुसऱ्या दिवशी खाली मान घालून मी चित्र गुरुजींपुढे ठेवले आणि आजीचे बोलणेही त्यांना सांगितले. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी चित्र उंच धरून पाठीमागून येणाऱ्या उजेडात पाहिले. कपाळाच्या जागी कागद खरडला गेला होता. “येथे काहीतरी होते,” ते म्हणाले, “ते तू पुसलेस. बाळ, रविवारी मी तुझ्या घरी येतो.”

रविवारी गुरुजी आले. त्यांच्याजवळ एक फळी, एक कागद आणि मऊ शिशाची एकच पेन्सिल होती. मला वाटले, ते लगेच चित्र काढू लागतील. परंतु अर्धा तास त्यांनी पेन्सिल हाती धरलीसुद्धा नाही. ते आजीशी गोष्टी करीत बसले. यंदा मोगरा कसा आहे, पावसाने कळी काळी पडते काय, दादरला भाव कोणत्या सणाला चढतो, अशी विचारपूस चालली. आजी प्रथम संकोचली, मग बोलू लागली आणि बोलता बोलता आपण कोणापुढे बसलो आहो हे विसरून तिने वेणी हाती घेतली. तेव्हा कोठे गुरुजींनी पहिली रेषा ओढली.

ती रेषा इतकी पुसट होती की मला ती दिसेना. तिने केवळ मस्तकाचा कल दाखविला होता. मग कपाळ आले. कपाळावर त्यांनी तीन रेषा ओढल्या. प्रत्येक रेषा मध्ये दाबलेली आणि दोन्ही टोकांना विरून जाणारी अशी होती. वरची पापणी एका गडद आघाताने उमटली. खालच्या पापणीसाठी मात्र जेमतेम एक ठिपका आणि एक धूसर वळण एवढेच त्यांनी दिले. ओठांची रेघ सरळ गेली आणि उजव्या कोपऱ्यात किंचित वर वळून थांबली. दारातून उजेड ज्या गालावर पडत होता, त्या गालाची कड त्यांनी काढलीच नाही. तेथे नुसता पांढरा कागद राहिला आणि तरीही गाल तेथे दिसत होता! मानेच्या दोन शिरा त्यांनी जोराने, जवळजवळ कागद फाटेल अशा दाबाने ओढल्या. शेवटी डोक्यावरून खांद्यावर आलेला पदर हात न उचलता एका लांब ओघवत्या रेषेने काढला. खांद्यापाशी एक रेषा चुकली होती. ती न पुसता त्यांनी तिच्या शेजारी दुसरी ओढली.

आजीने ते चित्र हाती घेतले. या वेळी ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने आपला हात मानेवर ठेवला आणि म्हणाली, “पाटी खाली ठेवली, तरी मान तशीच राहिली हो, गुरुजी.”

गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, “ऐकलेस? आता तुझ्या आजीच्या कपाळाकडे पाहा. डोक्यावर ओझे असले म्हणजे मान वर करता येत नाही. समोरचे दूरचे काही पाहायचे झाले, तर डोळे आणि भुवयाच वर उचलाव्या लागतात. चाळीस वर्षे पहाटेच्या अंधारात रस्ता आणि फलाट पाहण्यासाठी या माउलीने भुवया उचलल्या आहेत. या तीन रेषा तिने तशा कमावल्या. आणि तू त्या खोडरबराने पुसल्यास!”

माझ्या डोळ्यांत पाणी आले. मला वाटले होते की मी आजीला सुंदर करीत आहे. वास्तविक मी तिचे सारे आयुष्य तिच्या चेहऱ्यावरून पुसून टाकले होते. तिने मला ओळखून विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता. ती बाई खरोखरच कोणी नव्हती.

त्या दिवशी गुरुजींनी मला रेषेविषयी जे सांगितले, ते मी आजवर विसरलो नाही. ते म्हणाले, “तुझी रेषा सगळीकडे सारखी आहे. कुंपणाच्या तारेसारखी. ‘येथे चेहरा संपला,’ एवढेच ती सांगते. रेषेला बोलावयाचे असेल, तर तिच्या ठायी तीन गोष्टी हव्यात. पहिला दाब, दुसरा वेग आणि तिसरा विराम.

“दाब म्हणजे पेन्सिलीवरील हाताचा भार. जेथे हाड त्वचेच्या खाली टेकलेले आहे, जेथे छाया दाट आहे, जेथे ताण आहे, तेथे रेषा दाबून येते. जेथे त्वचा मऊ आहे, प्रकाश आहे, तेथे ती हलकी होते. वेग म्हणजे हाताची गती. पदर वाऱ्याने हलतो, म्हणून त्याची रेषा झरझर यावी. डोळ्याची रेषा सावकाश यावी, कारण तेथे पाहणाऱ्याला थांबावेसे वाटते. आणि विराम म्हणजे कोठे थांबावे हे समजणे. गाण्यात समेच्या आधी गवई क्षणभर थांबतो, तशी रेषाही थांबते. उरलेले काम पाहणाऱ्याचा डोळा करतो.”

हे तिन्ही गुण दाखविण्यास शिसपेन्सिलीइतके सोपे साधन दुसरे नाही. नावात शिसे असले तरी तिच्यात शिसे मुळीच नसते. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील बॉरोडेल येथे ग्रॅफाइट नावाच्या खनिजाचा साठा सापडला. त्याचा काळा रंग पाहून लोकांना ते शिशाचाच एक प्रकार वाटला आणि ते नाव रूढ झाले. पुढे युद्धामुळे इंग्लंडमधील ग्रॅफाइट फ्रान्सला मिळेना, तेव्हा निकोला-झाक कोंते याने ग्रॅफाइटची पूड आणि माती एकत्र मळून, भट्टीत भाजून कांड्या तयार केल्या. ही गोष्ट १७९५ सालची. माती अधिक घातली की कांडी कठीण होते आणि फिकट उमटते. ग्रॅफाइट अधिक असले की ती मऊ होते आणि काळी उमटते. पेन्सिलीवर ‘एच’ आणि ‘बी’ ही अक्षरे असतात, ती याच भेदाची खूण होय. माझ्या आजीचे चित्र गुरुजींनी ‘४बी’ पेन्सिलीने काढले. मऊ पेन्सिल हाताचा लहानसा कंपही लपवीत नाही. म्हणून ती शिकाऊ माणसाला अवघड वाटते आणि जाणत्याला प्रिय असते.

रेषेचे हे महत्त्व आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. विष्णुधर्मोत्तर पुराणात चित्रसूत्र नावाचा भाग आहे. त्यात चित्र पाहणाऱ्यांचे प्रकार सांगितले आहेत. सामान्य जनांना रंगांची समृद्धी आवडते, कोणी अलंकारांवर लुब्ध होतात, जाणते लोक छायाप्रकाशाची वाखाणणी करतात. परंतु आचार्य रेषेचीच प्रशंसा करतात, असा त्याचा आशय आहे. चित्रकलेची सहा अंगे सांगताना आपल्या शास्त्रकारांनी ‘सादृश्य’ आणि ‘भाव’ ही दोन अंगे वेगवेगळी मानली. सादृश्य म्हणजे सारखेपणा. भाव म्हणजे अंतःकरणाची स्थिती. नाक, डोळे आणि हनुवटी बिनचूक उतरली तरी भाव उतरेलच असे नाही, हे माझ्या फसलेल्या चित्राने सिद्धच केले होते.

पुढे मोठेपणी मी जेव्हा थोर चित्रकारांची रेखाटने छापील प्रतींतून पाहू लागलो, तेव्हा गुरुजींचे शब्द मला ठिकठिकाणी भेटले. आपल्या महाराष्ट्रात महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) हे रेखाटनाचे थोर उपासक होऊन गेले. कोल्हापूरचा हा तरुण १८९० साली मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकावयास आला आणि पुढे तेथेच शिक्षक झाला. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मचरित्राचे नावच त्यांच्या निष्ठेची साक्ष देते. मुंबईच्या रस्त्यांवरील माणसे, त्यांचे पोशाख आणि त्यांच्या लकबी त्यांनी अथकपणे टिपल्या. त्याच कलाशाळेत शिकलेले कृष्ण हेब्बर (१९११–१९९६) हे तर रेषेचे भक्तच होते. रेषेत लय कशी येते हे समजावे म्हणून त्यांनी कथक नृत्याचे शिक्षण घेतले! त्यांच्या रेखाटनांचा संग्रह १९६४ साली निघाला. त्याचे नाव ‘द सिंगिंग लाइन’, म्हणजेच गाणारी रेषा.

दूरच्या देशांतील दोन चित्रे येथे सांगण्यासारखी आहेत. पहिले आहे फ्रेंच चित्रकार अँग्र याचे. रोममध्ये राहत असताना त्याच्यावर असा काळ आला की पेन्सिलीने व्यक्तिचित्रे काढून त्याला चरितार्थ चालवावा लागला. तेथेच १८१९ साली त्याने सुप्रसिद्ध व्हायोलिनवादक पागानीनी याचे चित्र काढले. त्या चित्रात चेहरा अत्यंत बारकाईने, कोमल छायांनी घडविला आहे. अंगातील कोट मात्र थोड्याच चपळ रेषांनी सुचविला आहे. आपली दृष्टी कोठे विसावावी आणि कोठून निघून जावी, हे चित्रकाराने रेषेनेच ठरवून दिले आहे.

दुसरे चित्र अधिक जुने आहे. जर्मनीतील न्यूरेम्बर्ग येथील आल्ब्रेख्ट ड्यूरर याने १५१४ सालच्या मार्च महिन्यात आपल्या आईचे चित्र कोळशाने काढले. तिचे वय त्या वेळी ६३ वर्षांचे होते. तिने अठरा मुलांना जन्म दिला होता आणि त्यांतील बहुतेकांचा मृत्यू तिला पाहावा लागला होता. ड्यूररने तिच्या कपाळावरील एकही आठी झाकली नाही. ओढलेले गाल, मानेच्या ताणलेल्या शिरा, गळ्याखालची हाडे हे सारे त्याने ठाम रेषांनी काढले. तो त्या काळी युरोपातील नामांकित चित्रकार होता. आईला तरुण आणि देखणी दाखविणे त्याला मुळीच कठीण नव्हते. परंतु त्याने तसे केले नाही. चित्र काढल्यावर दोन महिन्यांनी, मे महिन्यात, ती वारली. मग ड्यूररने त्याच कागदावर तिच्या निधनाची नोंद शाईने लिहून ठेवली. तो कागद आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. पाचशेहून अधिक वर्षे लोटली तरी तो पाहताना आपण एका परक्या बाईचे चित्र पाहत आहो असे वाटत नाही. कोणाची तरी आई आपल्यापुढे बसली आहे, असेच वाटते.

माझी आजी गुरुजींनी चित्र काढल्यानंतर पुढल्याच पावसाळ्यात वारली. घरात तिचे एकच छायाचित्र होते. रेल्वेच्या पासासाठी ते काढलेले होते. त्यात तिचे नाक, डोळे सारे तिचेच आहेत; पण दिव्याच्या झगझगाटाने ती दचकलेली दिसते. छायाचित्रात तिचा एक क्षण उतरला आणि तो नेमका दचकण्याचा निघाला. यात यंत्राचा दोष नाही. जाणत्या छायाचित्रकारालाही धीर धरावाच लागतो. गुरुजींच्या चित्रात मात्र त्या दुपारचे दोन तास साठले आहेत. त्यांनी तिचे बोलणे ऐकले, तिचे काम पाहिले आणि मगच पेन्सिल उचलली. म्हणून त्या मोजक्या रेषांत तिची चाळीस वर्षे मावली.

यावरून व्यक्तिचित्र कसे पाहावे, हे ध्यानात येईल. ‘हुबेहूब आहे काय?’ हा एकच प्रश्न विचारून थांबू नये. रेषा कोठे जाड झाली आणि का? ती कोठे तुटली आणि तेथे आपल्या डोळ्यांनी काय भरून काढले? चित्रकाराने सर्वांत अधिक वेळ कोठे घालविला आणि काय मुद्दाम सोडून दिले? चुकलेली रेषा पुसली की तशीच राहू दिली? असे प्रश्न विचारू लागले की चित्र उत्तरे देऊ लागते. चित्रातील माणूस कसा आहे हे तर ते सांगतेच. पण काढणाऱ्याने त्या माणसाकडे किती लक्ष दिले, हेही ते लपवीत नाही.

माझे ते फसलेले चित्रही मी जपून ठेवले आहे. कपाळाच्या जागी खरडलेला कागद अजून दिसतो. उजेडात तिरपे धरले, तर पुसलेल्या तीन रेषांचे वळ त्यावर उमटलेले आढळतात. माझ्या हाताने त्या पाहिल्या होत्या; मनाने पाहिल्या नव्हत्या.

स्वाध्याय

१. ‘ही बाई कोण?’ असे आजीने का विचारले? तिचा प्रश्न योग्य होता, असे लेखकास का वाटते?
२. आजीच्या कपाळावरील रेषा कशामुळे उमटल्या होत्या, ते तुमच्या शब्दांत सांगा.
३. दाब, वेग आणि विराम या रेषेच्या तीन गुणांचे प्रत्येकी एक उदाहरण पाठातून शोधून लिहा.
४. ‘सादृश्य’ आणि ‘भाव’ यांतील भेद स्पष्ट करा.
५. गुरुजींनी अर्धा तास पेन्सिल हाती का धरली नसावी?
६. घरातील वडील माणसाजवळ काम चालू असताना बसा. त्यांच्या चेहऱ्यावरील एका रेषेमागची हकीकत त्यांना विचारा आणि दहा ओळींत लिहा. शक्य असल्यास ती एकच रेषा मऊ पेन्सिलीने काढा.